वाडा मिळाला, मालक मिळेना

लग्न ठरलं तसं लेकीने जाहीर केलं, "कार्यालय नको, वाडा हवा." आमची यादी तेव्हाच आठशेच्या पुढे गेली होती. ह्यांनी पेपरात डोकं घातलं, म्हणजे शोधायचं काम माझ्याकडे आलं.

शोधाचं फार सांगत नाही. शनिवारवाडा किंवा आगाखान पॅलेस सुचवणारे काका प्रत्येक घरात असतात. त्यांना सांगा, ही राष्ट्रीय संरक्षित स्मारकं आहेत, तिथे साधा स्वागत समारंभ करायचा तरी १९५९ च्या नियमांनुसार केंद्र सरकारची लेखी परवानगी लागते. आमचे व्याही बडोद्याचे. १८९० साली पूर्ण झालेला सयाजीरावांचा लक्ष्मीविलास पॅलेस त्यांच्या डोळ्यांसमोर होता, आणि तिथे लग्नं होतातही. पण आमचं निम्मं गणगोत साताऱ्या-कोल्हापूरचं, त्यांना तिकडे कोण नेणार? सासवडजवळचं जाधवगड पाहिलं. पिलाजीराव जाधवरावांची १७१० ची गढी, आता हॉटेल झालंय, त्यामुळे सगळं एका जागी मिळतं. लेकीने नाक मुरडलं.

शेवटी वाईच्या बाजूला, कृष्णेकाठी एक वाडा सापडला. नाव लिहीत नाही, का ते कळेलच. दोन चौक, सागवानी खांब, मागे मांडव पडेल एवढं मोठं परसू. शूटिंगला भाड्याने देतात. राखणदार भला माणूस, व्यवहार बघणारा मालकांच्या घरातला पुतण्याही सरळ. अनामत दिली, तारीख घेतली, गोरज मुहूर्त काढला. मला वाटलं, झालं.

मग ध्वनिक्षेपकाचा परवाना. चौकात अडीचशे माणसं बसणार, बाकीची परसात. माइक नसेल तर मागच्यांना मंगलाष्टकं संपल्याचं वाजंत्री वाजल्यावरच कळणार. अर्ज एक पानी. त्यात एक ठिपक्यांची ओळ, जेमतेम वीतभर: 'जागामालकाचे नाव व सही'. पुतण्याने सही केली. खिडकीतल्या बाईंनी अर्जासोबतचा घरपट्टीचा उतारा उलटा-सुलटा करून पाहिला. त्यावर पुतण्याच्या पणजोबांचं नाव.

"हे कुठे आहेत?"

"ते वारले. खूप वर्षं झाली."

"मग वारसांच्या सह्या आणा. सगळ्यांच्या."

वारस निघाले चौदा. वाड्यांचं हे असंच असतं. खांब तीन पिढ्या टिकतात, कागदावरचं नाव बदलायला कुणी जात नाही, कारण नाव बदलायचं म्हणजे भावाभावांनी एका खोलीत बसायचं. शूटिंगवाल्यांना हे कधी कुणी विचारलं नव्हतं, असं राखणदार मला पुन्हापुन्हा सांगत होता, जणू मीच काहीतरी खोड काढली होती.

पुण्यातले, मुंबईतले वारस फोनवर गोड बोलले आणि सही द्यायला मात्र 'पुढच्या रविवारी' म्हणाले. एक जण न्यू जर्सीत. त्याने सही स्कॅन करून पाठवली, ती बाईंनी हातातही घेतली नाही. नागपूरच्या आजोबांनी तर सरळ नकार दिला. पुतण्या म्हणाला, त्यांचं आमचं बोलणं नाही. मग मीच फोन केला. दहा मिनिटं ते मला त्या वाड्यातली कुठली खोली त्यांच्या वाट्याची होती ते सांगत राहिले. मी म्हटलं, "आजोबा, सहीचं राहू द्या, तुम्ही लग्नाला या. पहिल्या पंगतीला बसा." पलीकडे थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "पत्रिका पाठव." पत्रिका पोचली आणि त्यांचं ना-हरकत पत्र कुरियरने आलं, तेही स्टँपपेपरवर.

न्यू जर्सीचं कोडं पुतण्याच्या आईने सोडवलं. कपाटातून तिने जुनं कुलमुखत्यारपत्र काढलं; शूटिंगचे करार करता यावेत म्हणून सगळ्या वारसांनी मिळून पुतण्याला दिलेलं. मी ते सह्यांच्या गठ्ठ्यावर ठेवून खिडकीत सरकवलं. त्या दिवशी बाई रजेवर. त्यांच्या जागी बसलेल्या साहेबांनी वरचा कागद वाचला आणि गठ्ठा तसाच मागे ढकलला. "एवढ्या सह्या कशाला? मुखत्याराची एक पुरे." शिक्का मारला. मला आनंद व्हायला हवा होता. मी बाहेर येऊन उसाचा रस प्यायले आणि ह्यांच्यावर ओरडले.

म्हणून वाडा बघायला जाल तेव्हा कोरीवकाम नंतर बघा, आधी उतारा मागा. त्यावरचा माणूस हयात आहे का ते विचारा. नसेल तर मुखत्यारपत्र आहे का, आणि त्यात समारंभाला जागा देण्याचा अधिकार लिहिलाय का. आमच्यात 'चित्रीकरण व इतर कार्यक्रम' असं होतं. त्या 'इतर'ला मी रोज नमस्कार करते.

आता आठवेल तसं. परवाना मिळाला तरी रात्री दहाला आवाज बंद, तेव्हा गोरज मुहूर्त असेल तर मानपान लांबवू नका. माडीवर पाहुण्यांना सोडू नका, जुनी तक्तपोशी शंभर माणसांसाठी नसते. आम्ही जिन्याला दोर बांधून एक भाचा उभा केला. होम उघड्या चौकात, खाली विटा आणि वाळू. खांबाला खिळा मारायचा नाही हे मांडववाल्याला तोंडी सांगून भागत नाही, करारात लिहा. जनरेटर आणि फिरती शौचालयं परसाच्या टोकाला, स्वयंपाकापासून लांब. घोडी दिंडी दरवाज्यातून जात नाही, मोठा दरवाजा आधी एकदा उघडून बघा. आमचा अर्धाच उघडत होता, सुतार बोलवावा लागला.

आणि डीजेवाला गाण्यांच्या परवान्याचे वेगळे पैसे मागेल. लग्नसमारंभात वाजवलेल्या गाण्यांना कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, जुलै २०२३ मध्ये केंद्राने तशी सूचनाही काढली. आमच्याकडे आलेल्याला मी ती मोबाइलवर दाखवली. तो जेवून गेला.