कुठली गं तू?

वाई ते सातारा हा माझा रोजचा रस्ता. वाई स्टँडवरून निघायचं, मग पाचवड, उडतारे, लिंब फाटा आणि सातारा. साताऱ्यात मी एका सीएंकडे हिशेब लिहिते. मार्चमध्ये गाडीतसुद्धा मोबाईलवर आकडेच बघत असते, त्यामुळे शेजारी कोण बसलंय हे कित्येकदा उतरतानाच कळतं.

त्या मंगळवारी पाचवडला एक आजी चढल्या. "सरक गं वाईच," म्हणत टेकल्या. कंडक्टर आले तेव्हा त्यांनी पिशवीतून प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेलं आधार कार्ड काढलं. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना ऑगस्ट २०२२पासून एसटीचा प्रवास मोफत आहे. मशीनमधून शून्य रुपयांचं तिकीट येतं. आजींनी ते नीट घडी करून कार्डासोबत गुंडाळलं आणि माझ्याकडे वळल्या.

"कुठली गं तू?"

हा प्रश्न पुष्कळांना भोचक वाटतो. मला नाही वाटत. आपल्याकडे गाव विचारणं म्हणजे बोलायला एखादं टोक हातात मागणं. मी म्हटलं, "राहते वाईत, माहेर बावधन." लगेच त्यांचा चेहरा खुलला. "बगाडाचं बावधन व्हय! रंगपंचमीला बगाडाच्या जत्रेला येती की मी." झालं, आमची ओळख निघाली.

मग आला पुढचा प्रश्न, आडनावाचा. तो मात्र मला मनापासून नको वाटतो. गावावरून माणूस जवळ येतं. आडनावावरून लोक जात काढतात आणि कधीकधी तिथेच बोलणं आवरतं. म्हणून मी गाव सांगते, माहेर सांगते, पोरं किती तेही सांगते, आडनाव सांगत नाही. आजी थोडं थांबल्या. मी त्यांच्या नखांकडे बघत होते. पिवळीधमक.

"हळद शिजवली का?"

"कालच झाली." आणि त्या सुरू झाल्या. आता वाफेचा कुकर भाड्याने येतो, पण त्यांचं सगळं आयुष्य काहिलीशेजारी गेलेलं. फेस आला, वास सुटला की हळकुंडात काडी खुपसायची. आरपार गेली की शिजली. जास्त शिजली तर रंग जातो, कच्ची राहिली तर वाळल्यावर ठिसूळ होते. हे सांगताना त्यांनी माझ्या पेनाने स्वतःच्या तळव्यावर काडी कशी टोचायची ते दाखवलं. माझ्या माहेरी हळद असायची, पण असं कुणी मला कधी समजावून सांगितलं नव्हतं.

लिंब फाटा मागे पडल्यावर त्यांनी डोळ्यांच्या दवाखान्याची चिठ्ठी काढली. "किती वाजता बोलावलंय बघ गं." वेळ दहाची होती, पण वार गुरुवार. आज मंगळवार! मला कसंतरीच झालं. एवढ्या सकाळी निघालेली बाई, तीही एकटी. आता परतीची गाडी कुठून मिळेल ते मी सांगायला लागले, तर त्यांनी माझा हात दाबला.

"नातवानं वाचली हुती, माझ्याच ध्यानात न्हाय ऱ्हायलं. आता आलीच हाय तर लेकीकडं जेवते. तिकीट थोडंच लागतंय!"

१७ मार्च २०२३पासून आम्हा सगळ्याच बायकांना एसटीत अर्धं तिकीट झालं. तेव्हापासून अशा बायका मला गाडीत जास्त भेटतात. एरवी लग्न, बाळंतपण, दवाखाना असल्याशिवाय घरातून पाऊल निघायचं नाही. "उगीच कशाला पैसे घालवायचे," हे कुणी म्हणायच्या आधी त्याच म्हणायच्या. आता पंधरा दिवसांनी लेकीला बघून येणाऱ्या भेटतात, मैत्रिणीकडे निघालेल्या भेटतात. हे मला फार मोलाचं वाटतं. शेजारी अशी बाई बसलेली असताना आपण आकडे बघत राहायचं, याची त्या दिवशी मला खरंच लाज वाटली.

गुरुवारी मी वाईपासूनच शेजारच्या जागेवर रुमाल टाकून ठेवला. दोघींना नाही म्हटलं, वाईट वाटलं, पण रुमाल उचलला नाही. पाचवडला दारात गर्दी झाली आणि त्या गर्दीत मला नऊवारीचा हिरवा काठ दिसला.

"आजी, इकडं!"

त्या बसल्या, दम घेतला, आणि आधार कार्डाच्या आधी चिठ्ठीच माझ्या हातात दिली. "वाच बरं परत. आज गुरुवारच हाय न्हवं?"