तुम्ही विचारलंत म्हणून: रानिएरीला घालवलं तेव्हा मी काय करत होतो

पुण्यात उतरलो की विमानतळावरून घरी पोचेपर्यंतच भाचा विषय काढतो. विषय रानिएरीचा, म्हणजे 2016 मध्ये आमच्या लेस्टर सिटीला इंग्लंडच्या फुटबॉलची प्रीमियर लीग जिंकून देणाऱ्या इटालियन मॅनेजरचा. "मामा, ज्या माणसाने तुम्हाला लीग जिंकून दिली त्यालाच नऊ महिन्यांत घालवलंत. तुम्ही लोक तेव्हा काय करत होतात?" इथे लेस्टरमध्येही गणपतीच्या जेवणाच्या रांगेत कुणीतरी हेच विचारतं, कामावर नवा माणूस आला की तोही विचारतो. माझं ठरलेलं उत्तर आहे: "आम्ही नाही हो, मालकांनी घालवलं." खोटं नाही ते. पण इतक्या वेळा देऊन झालंय की आता माझं मलाच ऐकवत नाही.

आम्ही जिंकू यावर सट्टेवाल्यांचा 5000 ला 1 चा भाव, रानिएरीचं ते डिली डिंग डिली डाँग, मैदानात गायक बोचेलीशेजारी उभा राहिलेला तो म्हातारा, हे सगळं तुम्हाला पाठ आहे. ते सोडून देतो.

आधी भाच्याचा हिशेब. तो चेल्सीवाला, त्याने तर हा प्रश्न विचारूच नये. दि मात्तेओने 2012 च्या मे महिन्यात म्युनिकमध्ये चॅम्पियन्स लीग जिंकून दिली, नोव्हेंबरात त्याच्या हातात नारळ. आन्चेलोत्तीने 2010 मध्ये लीग आणि एफए कप दोन्ही आणले, पुढच्या वर्षी शेवटची मॅच संपल्यावर एव्हर्टनच्या मैदानावरच त्याला निरोप दिला. कॉन्तेने 2017 ची लीग जिंकली, 2018 चा एफए कप जिंकला आणि गेला. मँचेस्टर सिटीने मान्चिनीला काढलं ते 13 मे 2013 ला, म्हणजे लीग जिंकल्याच्या वर्षश्राद्धालाच. त्याच्यासारखा निळापांढरा मफलर गळ्यात बांधून हिंडणारे लोक दुसऱ्या दिवशी तोच मफलर बांधून कामाला गेले असतील. प्रीमियर लीग जिंकणारे इटालियन मॅनेजर हे चार, आमचा धरून. जिंकल्यानंतर त्या क्लबात पुढच्या सीझनपलीकडे एकही टिकला नाही.

बघा, सुरू झाली माझी वकिली. सगळेच असं करतात म्हटलं की आपलं केलेलं जरा हलकं वाटतं.

मी 2008 मध्ये इथे आलो तेव्हा क्लब तिसऱ्या पायरीच्या लीगमध्ये होता आणि तिकीट सहज मिळायचं. थंडीत घरात बसून काय करणार म्हणून जायला लागलो. रानिएरी 2015 च्या जुलैत आला तेव्हा मीही तोंड वाकडं केलं होतं. आठ महिन्यांपूर्वी ग्रीसने फेरो बेटांकडून घरच्या मैदानावर हरल्यावर हाकललेला माणूस, तो आम्हाला काय तारणार! मग ऑक्टोबरात क्रिस्टल पॅलेसला 1-0 हरवलं, सीझनमध्ये पहिल्यांदाच एकही गोल खाल्ला नाही, आणि कबूल केल्याप्रमाणे तो खेळाडूंना गावातल्या पिझ्झेरियात घेऊन गेला. वर म्हणाला की आपापला पिझ्झा आपणच करायचा. माझा मुलगा तेव्हा सात वर्षांचा. त्या दिवसापासून आमच्या घरात रानिएरी म्हणजे पिझ्झा आजोबा.

आमचं प्रेम खरं होतं, पण त्यात नकलेचा भाग मोठा होता. कामावर दुपारी डबा खाताना सगळे त्याच्यासारखं मोडकं इंग्रजी बोलायचे. मीही बोलायचो, आणि माझं सगळ्यांत जास्त वाखाणलं जायचं. मी खोलीतून बाहेर पडल्यावर माझ्या इंग्रजीची नक्कल कोण करतो, ते मला ठाऊक होतं. तरी करायचो. जिंकत होतो तेव्हा त्याचं बोलणं गोड होतं. 2016 ची दिवाळी उलटली, हरायला लागलो, तसं तेच बोलणं बावळट वाटायला लागलं. पंधरा वर्षांपूर्वी चेल्सीत असताना सारखी टीम बदलतो म्हणून वर्तमानपत्रांनी त्याला 'टिंकरमन' हे नाव ठेवलं होतं. जिंकलो त्या वर्षी त्याने टीमला हातही लावला नाही, म्हणून ते नाव मागे पडलं होतं. पुढच्या वर्षी कांते चेल्सीला गेला, मधली फळी उसवली, रानिएरी रोज नवं काहीतरी करून बघायला लागला आणि ते नाव परत आलं.

आता 5 फेब्रुवारी 2017. इतकी वर्षं मी या दिवसाला बगल देत आलोय.

रविवार, चार वाजताची मॅच, समोर मँचेस्टर युनायटेड. नव्या वर्षात आमचा लीगमध्ये एकही गोल झालेला नव्हता. खुर्चीखुर्चीवर पुठ्ठ्याचे ते घडीचे पंखे ठेवलेले, वाजवायला. मुलगा शेजारी, दोन स्वेटर आणि वर जाकीट. चाळीस मिनिटं आम्ही बरे होतो. मग त्यांच्या म्खितारयानचा गोल, दोनच मिनिटांत इब्राहिमोविचचा. मध्यंतरानंतर बसतो न बसतो तोच माताचा. 0-3. पंखे वाजायचे थांबले. मागच्या रांगेतला एकजण शिव्या देत होता, पण खेळाडूंना. मी उठून उभा राहिलो आणि मैदानाच्या कडेला कोटाच्या खिशात हात घालून उभ्या असलेल्या त्या माणसाकडे बघून ओरडलो, "अरे म्हाताऱ्या, जा की आता घरी! किती दिवस बसणारेस आमच्या डोक्यावर!"

मराठीत ओरडलो. कुणाला कळणार नाही म्हणून मराठीत. आजूबाजूचे दोघंतिघं हसले, त्यांना सूर कळला असावा. मला मोकळं वाटलं. खरं सांगतो, छान वाटलं.

आणि मग लक्षात आलं की तिथल्या बत्तीस हजारांत ते वाक्य शब्दन् शब्द समजलेला एकजण माझ्या शेजारीच बसलाय. शनिवारी शनिवारी त्याला मराठी लिहायला-वाचायला मीच शिकवत होतो. तो काही बोलला नाही. गाडीत बसल्यावर म्हणाला, "बाबा, पिझ्झा आजोबांना तू म्हाताऱ्या म्हणालास." मी म्हटलं, "रागात म्हणालो रे." तो म्हणाला, "पण ते घरी गेले तर मग आपल्याकडे कोण?" मी रेडिओ लावला.

दोन दिवसांनी क्लबने जाहीर केलं की आम्ही रानिएरीच्या पाठीशी ठाम आहोत. इंग्लंडच्या फुटबॉलमध्ये मालकांनी असं म्हटलं की मॅनेजरने बॅग भरायला घ्यावी. 22 तारखेला चॅम्पियन्स लीगमध्ये सेव्हियात 2-1 हरलो, पण आमच्या व्हार्डीचा एक गोल झाला होता आणि परतीची मॅच आमच्या घरी होती, म्हणजे जीव शिल्लक होता. 23 ला, गुरुवारी संध्याकाळी, मी भांडी घासत होतो आणि फोन वाजायला लागला. मुलाने माझ्या आधी स्क्रीन वाचली. माझ्याकडे बघून म्हणाला,

"त्यांना तुझं ऐकू गेलं का?"

त्याला गंमत करायची नव्हती. आठ वर्षांच्या मुलाला खरंच वाटलं की बापाने ओरडून आजोबांची नोकरी घालवली. मी हसून "नाही रे" म्हटलं, त्याला जवळ घेतलं, वगैरे. दुसऱ्या दिवशी रानिएरीचं निवेदन आलं, 'काल माझं स्वप्न मेलं.' ते मी त्याला वाचून दाखवलं नाही.

आता माझी बाजू. हसू नका. आम्ही सतराव्या नंबरवर होतो, घसरणीच्या रेषेपासून एक पॉइंट वर. लीगमध्ये लागोपाठ पाच मॅच हरलेलो. एफए कपमध्ये दोन पायऱ्या खालच्या मिलवॉलने दहा खेळाडूंनिशी आम्हाला हरवलं होतं. गतविजेता संघ खालच्या लीगमध्ये घसरल्याचं एकच उदाहरण आहे, 1938 चं मँचेस्टर सिटी, आणि आम्ही दुसरे व्हायला निघालो होतो. क्लब घसरला असता तर मैदानात चहा विकणाऱ्या आणि तिकीट फाडणाऱ्या लोकांचं काय झालं असतं, याचा हिशेब तुमच्यापैकी कुणी कधी विचारत नाही. आणि रानिएरीचा मदतनीस शेक्सपिअर याच्या हातात टीम आल्यावर आम्ही लागोपाठ सहा मॅच जिंकलो, त्यात सेव्हियावरचा 2-0 पण आला. म्हणजे मालक चुकले नाहीत. इथवर मी नेहमी जोरात बोलतो. मग भाचा शांतपणे म्हणतो, "तेच खेळाडू ना, मामा? मग आधी का नाही पळाले?" खेळाडूंनी त्याला पाडल्याचा आरोप खेळाडूंनी साफ नाकारला होता. मीही नाकारतो. पण घशाशी काहीतरी अडकतं.

आणि त्या सहांमधली पहिली मॅच. 27 फेब्रुवारी, सोमवारची रात्र, समोर लिव्हरपूल. लोक रानिएरीचे मुखवटे घालून आले होते. रानिएरीचं वय पासष्ट म्हणून पासष्टाव्या मिनिटाला सगळ्यांनी फोनचे दिवे लावायचे ठरलं होतं. दुसऱ्या दिवशी शाळा असूनही मुलाला घेऊन गेलो. प्रायश्चित्त म्हणा हवं तर. पासष्टावं मिनिट आलं तेव्हा आम्ही 3-0 ने पुढे होतो आणि व्हार्डीच्या दुसऱ्या गोलवर नाचून माझा घसा बसला होता. मी एका हाताने फोन वर धरला, दुसऱ्या हातात पुठ्ठ्याचा पंखा. डोळ्यांत पाणी आलं होतं, ते नेमकं कशाचं, ते मी पुष्कळदा ठरवायचा प्रयत्न केलाय. रानिएरी जाऊन चार दिवस झाले होते आणि मी इतका खूश वर्षभरात झालो नव्हतो.

त्या फेब्रुवारीतला मी समोर आला तर त्याला झापीन असं मला वाटायचं. हल्ली वाटतं, तो म्हणेल, "सतराव्या नंबरवर तू गप्प बसला असतास का?"

नंतर आमच्याकडे आणखी एक इटालियन आला, मारेस्का. 2023-24 मध्ये खालच्या लीगमधून आम्हाला पहिल्या नंबरने वर काढलं आणि तोही चेल्सीला गेला. हा मात्र आपल्या पायांनी गेला. त्या हिवाळ्यातली एक मॅच आठवते. आम्ही पुढे होतो, टीम मागच्या मागे पास देत बसली होती आणि लोकांची कुरकुर चालू होती. मी दात आवळून बसलो होतो. मुलाचं माझ्याकडे लक्ष आहे हे मला जाणवत होतं. पंधरा वर्षांचा झाला होता, माझ्या खांद्याच्या वर गेलेला.

मग गोलकीपरकडे आणखी एक पास गेला आणि तोच उठून ओरडला. इंग्रजीत. सगळ्यांना कळलं.