लाँग पिंपल्स: रबर नक्की काय करतं आणि काय करत नाही

टेबल टेनिसच्या क्लबमध्ये कुणी रॅकेटच्या बॅकहँडच्या बाजूला लाँग पिंपल्स, म्हणजे उंच दाण्यांचं रबर, लावलं की समोरच्यांची कुरकुर सुरू होते. बॉल हलतो, रबरच खेळतंय, हा कुठे खेळतोय, वगैरे. बॉल थोडा हलतो हे खरं. बाकीचं म्हणणं, रबर काय करतं ते न पाहिल्यामुळे.

आपलं नेहमीचं गुळगुळीत रबर बॉलला पकडतं. टॉपस्पिन, म्हणजे पुढच्या दिशेने फिरणारा बॉल, आला की ते त्याचं फिरणं मोडतं, बऱ्याचदा उलटवतंही. म्हणून साधा ब्लॉक, म्हणजे नुसता अडवून परतवलेला बॉल, हलक्या टॉपस्पिनने किंवा कोरा (बिनस्पिनचा) जातो. लाँग पिंपल्सचा दाणा उंच आणि लवचीक असतो. बॉल लागताच तो आडवा वाकतो आणि पकड बसत नाही. बॉलचं फिरणं बरंचसं तसंच राहतं, बॉल जाण्याची दिशा मात्र पालटते. म्हणजे तुम्ही मारलेला टॉपस्पिन तुमच्याकडे बॅकस्पिन (मागे फिरणारा बॉल) होऊन येतो, आणि जितका जोरात लूप, म्हणजे भरपूर टॉपस्पिनचा फटका, तितका जड बॅकस्पिन. तुमचा पुश, म्हणजे बॅकस्पिन देऊन हळूच ढकललेला बॉल, परत येतो तो हलका टॉपस्पिन घेऊन किंवा जवळपास कोरा. कोरा बॉल टाकलात तर कोराच येतो. आपल्याकडून फारसं काही घालता येत नाही, म्हणूनच या बाजूने केलेल्या सर्व्हिसमध्ये स्पिन नावापुरताच असतो.

नियमांनी यातली बरीच जादू काढून टाकली आहे. दाण्याची उंची त्याच्या जाडीच्या 1.1 पटीपेक्षा जास्त चालत नाही. दर चौरस सेंटिमीटरला दाणे 10 ते 30. रबराखाली स्पंज नसेल तर गोंदासकट जाडी 2 मिलिमीटरपर्यंत, स्पंज असेल तर एकूण 4. अजिबात पकड नसलेले घसरडे दाणे 2008 मध्ये बाद झाले. ‘पूर्वीसारखा उलटत नाही’ ही जुन्या खेळाडूंची तक्रार त्यामुळे रास्त आहे.

खरेदी करताना ब्रँडपेक्षा स्पंज आधी ठरवा. टेबलाला चिकटून ब्लॉक करणार असाल तर ओएक्स, म्हणजे बिनस्पंजाचं. दाणा थेट लाकडावर दबतो, पटकन वाकतो, स्पिन जास्त उलटतो. मागे जाऊन चॉप करणार, म्हणजे बॉल वरून खाली कापत परतवणार असाल तर 1 मिलिमीटरच्या आसपास स्पंज हवा, कारण तिथे बॉल किंचित आत बसतो आणि स्वतःचा बॅकस्पिन घालता येतो. टिबारचं ग्रास डी टेक्स पहिल्या कामाचं, बटरफ्लायचं फेइंट लाँग दुसऱ्या. वेगवान कार्बन ब्लेडवर (रॅकेटच्या फळीवर) ओएक्स लावू नका. ब्लॉक टेबलाबाहेर जातात आणि दोष रबरावर येतो.

लूप ब्लॉक करताना गुळगुळीत रबराच्या सवयीने रॅकेट झाकली, म्हणजे पुढे कलवली, की बॉल नेटमध्ये. या रबरावरून बॉल वर उसळत नाही, म्हणून रॅकेट जवळजवळ उभी ठेवायची. टप्पा पडून बॉल वर येत असतानाच घ्यायचा, मूठ सैल, आणि लागतानाच मनगट किंचित खाली ओढायचं. पुढे ढकललं की बॉल तरंगतो. बॅकस्पिन पुशवर बरोबर याच्या उलट: रॅकेट उघडली, म्हणजे मागे कलवली, तर बॉल समोरच्याच्या स्मॅशसाठी उंच जातो, म्हणून उभीच ठेवून सरळ पुढे दाबायचं. खरी पंचाईत होते संथ, कोऱ्या बॉलवर. तिथे दाण्यांकडे उलटवायला काहीच नसतं. अशा वेळी रॅकेट हातात फिरवून गुळगुळीत बाजूने मारणारा खेळाडू वेगळाच उठून दिसतो. मनिका बत्रा हे करते. 2018 च्या गोल्ड कोस्ट राष्ट्रकुल स्पर्धेत तिने तेव्हा जगात चौथ्या क्रमांकावर असलेल्या सिंगापूरच्या फेंग तियानवेईला हरवलं आणि एकेरीचं सुवर्ण घेतलं. 2024 मध्ये बुसानच्या जागतिक सांघिक स्पर्धेत भारताच्या अयहिका मुखर्जीने जगातली अव्वल खेळाडू, चीनच्या सुन यिंग्शाला हरवलं ते मात्र अँटी स्पिनने. ते रबर वरून गुळगुळीत आणि मुद्दाम निसरडं असतं. तत्त्व साधारण तेच.

समोर असं रबर असेल तर ते रॅकेटच्या कोणत्या रंगाच्या बाजूला आहे ते आधी बघा. सामन्याआधी प्रतिस्पर्ध्याची रॅकेट हातात घेऊन पाहायचा हक्क नियमानेच दिलाय, लाजू नका. मग एकामागून एक जोरदार लूप मारत सुटू नका. पहिल्या लूपनंतर येणारा बॉल जड बॅकस्पिनचा असतो. तो उचलायला जमत नसेल तर सरळ पुश करा. त्या पुशवर येणारा बॉल हलका असेल, तो मारा. लूप, पुश, मग फटका. लांब, कोरा बॉल कोपराच्या रेषेत टाकलात तर ब्लॉक करणारा सर्वात जास्त अडकतो.

ओएक्स चिकटवणं हे वेगळं प्रकरण आहे. पाण्याचा गोंद पातळ शीटला ओलावा देतो, शीट गुंडाळते आणि खाली फुगे राहतात. त्यापेक्षा चिकट फिल्म वापरा. फिल्म ब्लेडवर लावा, मधून कडेकडे रोलर फिरवा, वरचा कागद काढा, मग रबर मुठीच्या बाजूने हळूहळू टेकवत न्या. ताणायचं मात्र नाही. ताणलेलं रबर पुढे आकसतं, कडा सुटतात, दाण्यांमधलं अंतरही बिघडतं. मान्यतेचा शिक्का मुठीजवळ दिसलाच पाहिजे. काढताना एका झटक्यात ओढलं तर शीट फाटतेच, कोपऱ्यापासून सावकाश सोलत या.

स्वच्छतेला मऊ ब्रश आणि साधं पाणी पुरतं. गुळगुळीत रबराचा क्लीनर नको. उन्हात ठेवून दाणे घसरडे करण्याची युक्ती काही जण अजून वापरतात. ती नियमबाह्य तर आहेच, शिवाय रबर कडक होऊन दाणे बुडातून तुटायला लागतात. दाणे बहुतेक वेळा जिथे बॉल सतत लागतो तिथे, नाहीतर टेबलावर आपटणाऱ्या कडेला तुटतात. मधला एक जरी गेला तर स्पर्धेच्या आधी रबर बदला. पंच रॅकेट नाकारू शकतो, आणि तेव्हा बॅगेत चिकटवून तयार दुसरी रॅकेट नसेल तर उधारीची घेऊन खेळावं लागतं.