कागद खाली ठेवा

पुण्यातल्या एका फिल्म क्लबचं काम मी अकरा वर्षं बघते आहे. काम म्हणजे सगळंच आलं. सिनेमा ठरवायचा, सभासदांना निरोप पाठवायचे, प्रोजेक्टर लावायचा, आवाज तपासायचा आणि सिनेमा संपला की खुर्च्या गोलात ओढून चर्चा घ्यायची. एरंडवण्यात दुसऱ्या मजल्यावर आमचा साठ खुर्च्यांचा हॉल आहे. निम्मे सभासद निवृत्त, बाकीचे नोकरदार आणि सिनेमा शिकणारी चार-पाच मुलंमुली. ही मुलं पुण्यात कायम असणारच. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० पासून फिल्म इन्स्टिट्यूट आहे आणि लॉ कॉलेज रस्त्यावर चित्रपट संग्रहालय. त्यामुळे आमच्याकडे एका खुर्चीवर उभा जन्म बँकेत काढलेले गृहस्थ आणि शेजारी लेन्सवर तावातावाने बोलणारा बावीस वर्षांचा मुलगा, असं चित्र दर वेळी असतं. मला माझ्या कामातलं हेच सगळ्यात जास्त आवडतं.

मागच्या जुलैतल्या एका रविवारी मी ‘इन्हेरन्ट व्हाइस’ लावला. पॉल थॉमस अँडरसनचा २०१४ चा सिनेमा, थॉमस पिंचन यांच्या २००९ च्या कादंबरीवर बेतलेला. साल १९७०, लॉस एंजेलिसजवळचं समुद्रकाठचं एक कल्पित गाव. डॉक स्पोर्टेलो हा खासगी गुप्तहेर, आणि तो दिवसरात्र गांजाच्या धुरात. एका संध्याकाळी त्याची जुनी प्रेयसी शास्ता दारात येऊन उभी राहते. सध्या ती मिकी वुल्फमन नावाच्या बड्या बिल्डरबरोबर आहे, आणि त्या बिल्डरला त्याची बायको आणि तिचा यार मिळून वेड्यांच्या इस्पितळात टाकायच्या बेतात आहेत. डॉक शोधायला लागतो तोवर बिल्डरही गायब आणि शास्ताही गायब. मग माणसं येतच राहतात. दर दहा मिनिटांनी कोणीतरी नवीन येऊन हळू आवाजात डॉकला काहीतरी सांगतं आणि निघून जातं. ‘गोल्डन फँग’ हे नाव कधी जहाजाचं असतं, कधी हेरॉइन आणणाऱ्या टोळीचं, कधी दातांच्या डॉक्टरांच्या संघाचं. असं १४८ मिनिटं. सिनेमा आला तेव्हा तिकडेही लोक मध्येच उठून गेल्याच्या बातम्या छापून आल्या होत्या. पटकथा आणि वेशभूषा अशी ऑस्करची दोन नामांकनंही त्यालाच मिळाली.

माझा हा फार जिवाभावाचा सिनेमा. म्हणूनच धास्ती होती. आदल्या रात्री दोन वाजेपर्यंत बसून मी एक कागद तयार केला. बावीस नावं, प्रत्येकापुढे तो कोण, कोणाचा कोण, आणि बाण. सकाळी पन्नास प्रती काढल्या आणि दारातच प्रत्येकाच्या हातात दिल्या. अकरा वर्षांत माझ्या हातून झालेली ही सगळ्यात मोठी चूक.

प्रोजेक्टर मागे असतो, त्यामुळे सिनेमा चालू असताना मला पडद्यापेक्षा डोकी जास्त दिसतात. सिनेमा कसा चालला आहे ते आता मी डोक्यांवरून ओळखते. हसताना डोकी मागे जातात. कंटाळा आला की ती बाजूला कलतात, शेजाऱ्याकडे. सिनेमा आत शिरला की हलायची थांबतात. त्या दिवशी डोकी खाली होती. पहिल्या पंधरा मिनिटांतच अंधारात मोबाइलचे दिवे लागले, आधी दोन, मग सात-आठ. प्रत्येक दिव्याखाली माझा कागद आणि त्यावरून सरकणारं बोट. बिगफूट नावाचा तो आडदांड पोलिस चॉकलेटात बुडवलेलं गारेगार केळं खात बसतो आणि डॉक त्याच्याकडे नुसता बघत राहतो, त्या जागी मी आजवर लोकांना डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसताना पाहिलं आहे. त्या दिवशी कोणी हसलंच नाही. बिगफूट कागदावर कितव्या नंबरला आहे ते शोधण्यात सगळे गुंतले होते.

या सिनेमाला मध्यंतर नाही, पण आम्ही घेतो. आमच्या सभासदांचे गुडघे एवढा वेळ ऐकत नाहीत. चहा आला. कोथरूडचे एक काका माझ्याकडे आले. ते बायकोबरोबर सहा वर्षं नेमाने येतात, कायम दुसरी रांग.

“ताई, भाग मागेपुढे लागलेत का? एकदा बघून घ्या.”

मी बघितलं. सगळं जागच्या जागी होतं.

“मग आता स्पष्टच बोलतो,” काका म्हणाले. “आम्ही अर्नाळकर वाचून मोठे झालो. रहस्यकथा कशी असते ते आम्हाला ठाऊक आहे. इथे खून कोणाचा झाला तेच कळत नाही. वर तुम्ही हा कागद दिलात, तरी कळत नाही. आम्हाला अक्कल नाही हे आम्हालाच दाखवायला सिनेमे लावता का?”

काकांनी कागदाची घडी करून खिशात घातली, छत्री उचलली आणि ते जिना उतरून गेले. काकू जागच्या हलल्या नाहीत. “तुम्ही व्हा पुढे, मी बघून येते,” एवढंच म्हणाल्या.

चहाचा कप हातात धरून मी प्रोजेक्टरपाशी उभी राहिले. काकांचं बोलणं मला फार लागलं, कारण त्यात खोट नव्हती. कागद देऊन मी जणू आधीच बजावून ठेवलं होतं की ही परीक्षा आहे, आणि ही उत्तरं. नवीन सभासदांना मी स्वतः हॉवर्ड हॉक्सच्या १९४६ च्या ‘द बिग स्लीप’चा किस्सा किती वेळा सांगितला आहे! त्यात एक ड्रायव्हर मरतो. त्याला कोणी मारलं हे चित्रीकरण करणाऱ्यांना उमगेना, म्हणून त्यांनी कादंबरीकार रेमंड चँडलरला तारेने विचारलं. चँडलरलाही माहीत नव्हतं. तरी तो सिनेमा लोक आजही बघतात, ते त्यातली जोडी, बोगार्ट आणि बकॉल, एका खोलीत आली की काय होतं ते बघायला. हे सगळं ठाऊक असून मी बावीस नावांना बाण काढत बसले होते.

दिवे मालवायच्या आधी मी पुढे गेले. म्हटलं, “माझं चुकलं. हे कागद मी द्यायला नको होते. ते खुर्चीखाली ठेवा. कोण कोणाचा कोण ते सुटलं तर सुटू द्या. फक्त डॉकच्या तोंडाकडे बघा. ज्या बाईला तो शोधतोय ती त्याला सोडून गेलेली आहे, एवढं लक्षात असलं की पुरे.” काहींनी कागद खाली ठेवले, दोघातिघांनी माझ्याच हातात आणून दिले.

शास्ताचं पोस्टकार्ड येतं, त्याच्या जरा आधी मी मध्यंतर घेतलं होतं. पोस्टकार्ड वाचता वाचता डॉकला जुना दिवस आठवतो. जवळ गांजा संपलेला, म्हणून दोघं प्लँचेटला पत्ता विचारतात, आणि मिळालेल्या पत्त्यावर भर पावसात धावत जातात. तिथे काहीच नसतं, रिकामा प्लॉट. मागे नील यंगचं गाणं. दोघं भिजलेली, एकमेकांना बिलगलेली. मग आजचा डॉक त्याच पत्त्यावर जातो, तर तिथे गोल्डन फँगची इमारत उभी. पुण्यात चाळीस वर्षं काढलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. लहानपणी जिथे खेळलो, कोणाची तरी वाट बघत उभे राहिलो, त्या जागेवर आता काय उभं आहे ते प्रत्येकाला पाठ असतं. बाहेर आमचाही पाऊस पत्र्यावर वाजत होता. समोर एकही डोकं हलत नव्हतं.

तिथून पुढे सगळे हसायलाही लागले. अगदी शेवटाकडे बिगफूट दार लाथेने तोडून आत येतो आणि डॉकच्या समोरचा गांजा तोंडात कोंबत सुटतो. हॉल आधी खदखदून हसला, मग डॉकच्या डोळ्यांत पाणी दिसलं तसा गप्प झाला.

चर्चेला एकतीस जण थांबले. एरवी वीस थांबतात. सिनेमा शिकणाऱ्या एका मुलाने सुरुवात केली, की हा अनुभव आहे, कळायची गरजच नाही. मला ते पटलं नाही आणि मी तसं बोलले. सिनेमा कळतो. टोळी लोकांना हेरॉइनची चटक लावते, हेरॉइनने दात किडतात म्हणून दातांचे डॉक्टर तिचेच, आणि व्यसन सोडवायचं इस्पितळही त्याच साखळीतलं. ही गोष्ट पक्की बांधलेली आहे. डॉकला ती धुरातून तुकड्यातुकड्याने दिसते, म्हणून आपल्यालाही तशीच दिसते. तो वहीत स्वतःसाठीच टिपण करतो, की हा भास नाही. त्याचीच खात्री नाही, तर आपली कुठून असणार?

मग कोपऱ्यातून एक गृहस्थ उठले. आठ महिन्यांत पहिल्यांदाच बोलत होते. ते मालवाहतुकीच्या विम्याचे सर्व्हेअर निघाले. म्हणाले, “सिनेमाचं नाव आमच्या धंद्यातलं आहे. १९६३ च्या सागरी विमा कायद्यात कलम ५५ मध्ये हाच शब्द आहे. कांद्याचा कंटेनर न्हावाशेव्याहून निघाला. जहाज बुडालं तर भरपाई मिळते. पण वाटेत कांद्याला आपणहून कोंब फुटले, तो आतल्या आत सडला, तर मिळत नाही. तो कांद्याचा स्वभाव आहे. अंगभूत दोष. सिनेमात म्हटलंय ना, अंडी फुटतात, चॉकलेट वितळतं, काच तडकते, तेच. तीस वर्षं मी हा शब्द रिपोर्टात लिहितोय. आज पहिल्यांदा वाटलं की तो माणसांनाही लागतो.” आणि खाली बसले. मिनिटभर कोणी बोललं नाही.

शेवटी काकूंनी हात वर केला. “मला निम्मं कळलं नाही,” त्या म्हणाल्या, “पण त्या सॅक्सोफोनवाल्याला डॉक घरी पोचवतो की नाही? मेला म्हणून बायको रडून बसलेली. लहान मुलगी घरात. डॉकला पैसे मिळत नाहीत, त्याची बाई त्याची राहीलच असं नाही. पण एक माणूस घरी गेला. मला तेवढं पुरलं.”

या सॅक्सोफोनवाल्या कॉय हार्लिंगनविषयी मी कागदावर एक ओळ लिहिली होती: ‘क्रमांक ९, खबऱ्या’. बास.

हॉल बंद करून खाली आले तेव्हा पाऊस ओसरला होता. काका पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून होते, मध्यंतरापासून. काकू मागे बसायच्या बेतात. मी जवळ गेले, काय बोलावं सुचत नव्हतं. काकांनी खिशातून कागद काढला. घडीवर ओला झाला होता. एका नावाखाली पेनने रेघ होती.

“हिने मला बाकी सगळं सांगितलं,” ते म्हणाले. “पण हा बिल्डर. मध्यंतराच्या आधी कोणीतरी म्हणालं, की तो लोकांना घरं फुकट देणार होता. त्याचं पुढे काय झालं?”

मी सांगितलं. इस्पितळात ठेवून त्याचं डोकं ताळ्यावर आणलं, आणि तो बायकोकडे परत गेला.

“आणि घरं?”

“नाही दिली.”

काकांनी कागद पुन्हा नीट घडी करून खिशात ठेवला. “पुढच्या महिन्यात कुठला आहे?” त्यांनी विचारलं. मी नाव सांगितलं, काकूंनी छत्री मिटली आणि ती दोघं निघाली.