टाचणवहीच्या मागच्या पानावर

एप्रिलमध्ये आमची शाळा सकाळची असते. अकराच्या सुमाराला पोरं खिचडी खाऊन, ताटल्या विसळून उतरणीला लागतात आणि मग सर आणि मी प्रगतिपत्रकांचा गठ्ठा सोडतो. शाळा द्विशिक्षकी. पाटण तालुक्यात, पठाराच्या खालच्या अंगाला. पहिली-दुसरी माझ्याकडं, तिसरी-चौथी सरांकडं, पट सगळा मिळून तेवीस. "तेवीसच?" असं माझी पुण्याची बहीण विचारते आणि पुढं काही बोलत नाही, पण तिचं 'मजा आहे बाई तुमची' मला न बोलताच ऐकू येतं. तिला एकदा वर्णनात्मक नोंदी लिहायला बसवायचं आहे.

प्रत्येक मुलाच्या पत्रकात तीन रकाने असतात: विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. रकान्याची उंची एका बोटाची. त्यात पोराचं अख्खं वर्ष बसवायचं, तेही शाईनं आणि खाडाखोड न करता. आणि दरवर्षी एप्रिल उजाडला की आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी पुण्यात्मा पीडीएफ टाकतो: तयार नोंदी, इयत्तावार, विषयवार. 'कविता तालासुरात म्हणतो.' 'परिसरातील घटकांचे निरीक्षण करतो.' 'शालेय शिस्त पाळतो.' पाहिजे ते वाक्य उचला, पाहिजे त्या मुलाला चिकटवा. खाली पंचवीस जण हात जोडलेलं चित्र टाकून आभार मानतात. त्यात मीही असते.

एका वर्षी मी अशा नोंदी रात्री साडेअकराला उतरवल्या आणि कुठंतरी एक ओळ खाली घसरले. मुंबईला बापाकडं गेलेल्या, दाखला काढून नेलेल्या पोराला 'नियमित उपस्थित राहतो' मिळालं. जिला चित्रकलेची वही म्हणजे जीव की प्राण, ती 'कबड्डीत विशेष रुची घेतो' झाली; 'घेतो' सकट. पत्रकं वाटून झाली, पालकांच्या सह्या आल्या, कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मलाच जूनमध्ये कपाट आवरताना सापडलं. खरं तर तेव्हा हसायला यायला हवं होतं.

नियम वाईट आहे असं नाही हं. २००९चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१०पासून लागू झाला आणि त्याच वर्षी २० ऑगस्टला आपल्याकडं सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय निघाला. पहिली-दुसरीला ७० गुण आकारिक, म्हणजे पोरगं वर्षभर वर्गात काय करतं त्याचे, आणि ३० संकलित, म्हणजे सत्राच्या शेवटी जे घेतो त्याचे. सहा वर्षांच्या मुलाला तीन तासांच्या पेपरात मोजू नका, रोज बघा, एवढंच त्यात सांगितलंय. कोण नाही म्हणेल? पण रोज बघायचं आणि एप्रिलमध्ये लिहायचं, या दोहोंच्या मधे दहा महिने पडतात. शिवाय श्रेणीचं पालकांना काही केल्या उमगत नाही. यात्रेला गावी आलेल्या एका माथाडी बापाला मी पत्रक दाखवलं. ब-१ बघून तो म्हणाला, "ब म्हंजी? बरा का?" मी म्हटलं, हो, बराच. ७१ ते ८०च्या मधला बरा. तो खूश होऊन गेला. त्याच्याइतका नेमका अर्थ मला कुठल्या प्रशिक्षणात कुणी सांगितला नव्हता.

तर, हजेरीपटावरचा सात नंबर. (नावं लिहीत नाही. पोरं मोठी होतात, मोबाईल वाचतात आणि नंतर भांडायला येतात.)

सात नंबर पहिलीत आला तेव्हापासून दिवाळी उलटली तरी वर्गात एक अक्षर बोलला नाही. हजेरीला हात वर करायचा, खिचडीला ताटली पुढं करायचा, संपलं. आईला विचारलं तर म्हणाली, "घरी लई बोलतंय ओ बाई. शेरडांशी तर दिसभर." म्हणजे मी शेरडापेक्षा खालच्या पायरीवर. पहिल्या सत्राच्या नोंदीला पीडीएफ धावून आली: 'मितभाषी आहे.' किती सभ्य शब्द! आणि सुधारणेच्या रकान्यात मी माझ्या मनानं घातलं: 'वर्गात लक्ष देणे आवश्यक.' कारण तो सारखा खिडकीकडं बघत असायचा.

आता मधेच जमिनीची गोष्ट सांगावी लागेल. २०१५च्या जूनमध्ये 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा आमच्याच जिल्ह्यातल्या कुमठे बीटची, म्हणजे तिथल्या शाळांच्या गटाची, फार चर्चा होती. तिथं फरशीवर आखलेले तक्ते, गटागटानं बसलेली पोरं आणि त्यांच्यात मांडी घालून बसलेली बाई बघायला महाराष्ट्रभरातून शिक्षक गाड्या करून यायचे. आम्हीही बघून आलो आणि वर्गणी काढून वर्गाची फरशी ऑइलपेंटनं रंगवली. शंभरपर्यंतचे चौकोन, मुळाक्षरांची आगगाडी, एक बदकही होतं. दोन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे निघाले. बदकाची फक्त चोच राहिली. सर त्यावर अजून मला चिडवतात, कारण बदक मी काढलं होतं. पण खुर्ची सोडून खाली बसायची खोड लागली ती लागलीच. आता गुडघे कुरकुरतात, तरी बसते.

तर जानेवारीत एकदा सात नंबरच्या जागेवर बसून मी कुणाची तरी पेन्सिल टोकत होते. मान वर केली तर खिडकी. आमच्या खिडकीचा कट्टा उंच आहे. उभं राहिलं की मैदान दिसतं, हापसा दिसतो, एसटीचा थांबा दिसतो. खाली बसलं की यातलं काही नाही. नुसतं आभाळ, पठाराची कड आणि तिच्यावर पवनचक्क्या. वनकुसवड्याच्या पठारावर त्या ओळीनं उभ्या आहेत, त्यांतल्या पाच नेमक्या आमच्या चौकटीत येतात. या पोरानं सात महिने दुसरं बघायचं तरी काय होतं?

"इथनं चक्क्या दिसतात होय रे?" मी विचारलं. त्यानं मान हलवली. शेजारी माझी दुसरी पाढे म्हणत होती, त्यांचं 'तीन चोक बारा, तीन पाचे पंधरा' चाललं होतं. आणि हा खिडकीकडं बघतच, मला नव्हे, बहुतेक चक्क्यांनाच म्हणाला, "पाच चक्क्या, पंधरा पाती."

पहिलं वाक्य. तेही दुसरीच्या अभ्यासक्रमातलं.

त्यानंतर आमच्या वर्गात पाढ्यांचं जे काही झालं त्याला उपक्रम म्हणायचं की बाजार, मला ठरवता येत नाही. तीनचा पाढा चक्क्यांचा ठरला. सकाळी आल्या आल्या कुणीतरी ओरडायचं, "बाई, आज दोनच फिरत्यात, सहा पाती!" बेचा पाढा सायकलीचा, चारचा म्हशीचा, पाचचा हाताचा. सहासाठी मुंगी निघाली आणि तिचे पाय मोजण्यात अर्धा दिवस गेला, कारण मुंगी थांबत नाही. शेवटी एक मेलेला मुंगळा कामी आला. आठला कोळी. सातला मात्र पोरं अडली. सात पायांचं, सात पाकळ्यांचं, सात कशाचं काहीच सापडेना. दोन दिवसांनी एकीनं कॅलेंडरवर बोट ठेवलं: आठवडा. तिच्या तोंडावरचा रुबाब बघण्यासारखा होता.

आणि नऊ? मला वाटत होतं नऊला पोरं हात टेकतील. तर बारा नंबरची म्हणाली, "आज्जीचं लुगडं."

नऊवारी! दोन आज्या, अठरा वार. तीन आज्या, सत्तावीस. वर्गातल्या सगळ्या आज्यांची बेरीज झाली. मग कुणाला तरी शंका आली की लुगडं खरंच नऊ भरतं का. दुसऱ्या दिवशी बारा नंबरची आजी स्वतः धुतलेलं लुगडं काखेत मारून हजर. "मोजा, पर खाली लावू नगा," एवढी एकच अट. व्हरांडा पुरेना. एक टोक दाराशी, मधे सहा पोरांनी हातांवर झेललेलं, दुसरं टोक झेंड्याच्या खांबाजवळ सरांच्या हातात. मीटरपट्टी पुढं पुढं सरकत गेली आणि भरलं आठ मीटर, वर वीस-बावीस सेंटीमीटर. पोरं आजीकडं संशयानं बघायला लागली. आजी माझ्याकडं. दुकानदारानं फसवलं का काय, हे तिच्या कपाळावर स्पष्ट लिहिलं होतं. मग मी वार आणि मीटरचं भांडण मिटवायला बसले: वार आखूड, साधारण ९१ सेंटीमीटरचा, मीटर शंभराचा. पोरांनी सुतळीचा एक वार कापला, मीटरपट्टीशेजारी ठेवला, उरलेली नऊ बोटं बघितली (बोटं आमची, सेंटीमीटर नव्हेत, तो गोंधळ निराळा) आणि त्या सुतळीनं लुगडं पुन्हा मोजलं. नऊ. आजी म्हणाली, "मग मी काय सांगत हुते?"

बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी कोसबाडला गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळाच कुरणात नेली. कुरणशाळा. डीएडला असताना हे मी थोडक्यात उत्तरे लिहा या प्रश्नासाठी पाठ केलं होतं आणि बरे गुणही पडले होते. लुगड्याच्या घड्या घालताना ते पुन्हा आठवलं, इतक्या वर्षांनी, आणि या खेपेला जरा कळलंही.

बारा नंबरचीची आणखी एक गंमत आहे. ती पहिलीच्या दुसऱ्या सत्रात धडाधडा वाचायची. बोट ओळीवरून सरसर पळायचं. मीही 'ओघवते वाचन करते' लिहून मोकळी झाले. दुसरीच्या सुरुवातीला एकदा वाऱ्यानं पान उलटलं आणि ही बया मागचाच धडा म्हणत राहिली, पुढच्या पानावर बोट फिरवत. सगळं पाठ होतं. मोठी बहीण घरी वाचायची, ही ऐकायची. त्यानंतर मी तिला न बघितलेल्या चिठ्ठ्या द्यायला लागले: दुकानाची पाटी, बियाण्याच्या पिशवीवरचं नाव, एसटीचा बोर्ड. आणि ती अडखळायला लागली. 'क', 'को', 'कोय', 'कोयना'. घाम फुटायचा तिला. मला इतका आनंद झाला होता की सरांना बोलावून ऐकवलं. कागदावर मात्र याचं काय करायचं? मागच्या वर्षी ओघवतं, यंदा अडखळत. बघणारा म्हणेल, बाईनं वर्षभर पोरीचं नुकसान केलं.

असल्याच गोष्टींसाठी गेली काही वर्षं मी टाचणवहीच्या मागच्या पानावर आपलं आपलं काहीबाही लिहीत असते. टाचण म्हणजे उद्या काय शिकवणार ते. ते पुढच्या पानांवर, केंद्रप्रमुखांच्या सहीसाठी. मागचं पान कुणी उलटत नाही. तिथं अशा ओळी आहेत:

'४ – आज खिचडी दुसऱ्यांदा मागितली. तोंडानं.'

'९ – चपला उलट्या घालणं बंद. कुणी सांगितलं नाही.'

'७ – भांडला. स्वतःसाठी नाही, ३च्या खडूसाठी.'

'१२ – मला म्हणाली, बाई, तुमचं अक्षर आज बरं नाही.'

यांतलं एकही वाक्य पीडीएफमध्ये नाही, आणि रकान्यात बसेल असंही नाही. काहींची तर मला स्वतःलाच आता आठवण नाही. ९च्या चपलांचं लिहिताना एवढं काय वाटलं होतं? पण लिहिलंय, म्हणजे काहीतरी असणार.

यंदा दुसरीची पत्रकं लिहायला बसले होते. सर पोषण आहाराच्या हिशेबात बुडालेले. सात नंबर ताटली विसरला म्हणून अर्ध्या उतरणीवरून परत आला. ताटली घेतली आणि माझ्या खांद्याशी येऊन उभा राहिला. आता तो बोलतो. इतका बोलतो की कधीकधी मला त्याची पहिली दिवाळी आठवते, शपथेवर सांगते, प्रेमानं आठवते.

"बाई, हे माझं हाय?"

"हो."

त्यानं माझ्या हाताखालची ओळ वाचायला घेतली. "परि… सरातील… घट… घटकांचे… निरी… निरी-क्षण… करतो." जोडाक्षराशी थांबला, परत फिरला, सोडवलं. मग विचारलं, "निरीक्षण म्हंजी?"

"म्हणजे तू चक्क्या मोजतोस ना, ते."

तो जरा वेळ रकान्याकडं बघत राहिला. "मग तसंच लिवा की," म्हणाला आणि ताटली वाजवत पळाला.

मी त्या ओळीवर आडवी रेघ मारली. वर, उरलेल्या अर्ध्या बोटाच्या जागेत, बारीक अक्षरांत 'पवनचक्क्या मोजतो' असं लिहिलं. खाडाखोड झाली, म्हणून शेजारी सही केली आणि तारीख घातली.