अजून काहीच घडलेले नाही

“ऐंशी मिनिटे झाली आणि अजून काहीच घडलेले नाही,” असे म्हणून माझा मित्र काल रात्री फुटबॉलचा सामना अर्धवट सोडून उठला. गोलफलक तेव्हा ०-० होता.

त्याचे ते ‘काहीच’ मला आज दिवसभर टोचत राहिले. त्याच ऐंशी मिनिटांत एक बचावपटू समोरच्या आघाडीवीराला प्रत्येक वेळी गोलपासून दूर, कडेच्या रेषेकडे ढकलत होता आणि ते मी श्वास रोखून पाहत होतो.

बास्केटबॉलमध्ये एक संधी हुकली तरी लगेच दुसरी येते, क्रिकेटमध्ये चेंडूगणिक हिशेब मांडला जातो; फुटबॉलमध्ये मात्र बहुतेक मेहनत फलकावर उमटतच नाही. २०१० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात स्पेनच्या इनिएस्ताने नेदरलँड्सविरुद्धचा एकमेव गोल जादा वेळेत, ११६ व्या मिनिटाला केला आणि तोवर प्रत्येक चूक अखेरची ठरेल, या धास्तीनेच तो सामना मला बांधून ठेवत होता. काही सामने खरोखरच रटाळ असतात, हे मी नाकारत नाही.

कालच्या सामन्यात शेवटच्या शिट्टीपर्यंत गोल झाला नाही, तरीही मी जागचा हललो नाही. संपूच नये असे वाटलेला एखादा गोलशून्य सामना तुम्हाला आठवतो का?