वसूल न होणारं गाव

स्वस्तात फिरणारी माणसं सुट्टीत जेवढी राबतात तेवढी ऑफिसातही राबत नसतील. महागातलं बुकिंग करणारा पोहोचल्या पोहोचल्या आडवा होतो. आपण पहाटेची बस धरतो, कारण ती स्वस्त. दुकानातून पाव-केळी आणतो, कारण हॉटेलात परवडत नाही. आणि एवढी यातायात करून आलोच आहोत म्हटल्यावर एकही धबधबा, एकही टेकडी सोडत नाही. आमच्या घरात तर महाबळेश्वरला गेलेला माणूस सगळे पॉइंट उरकल्याशिवाय परत आल्याचं ऐकिवात नाही. धुकं असलं तरी. धुक्यात काय दिसलं हा प्रश्न वेगळा, पॉइंट झाला की झाला.

हे संस्कार पाठीवरच्या पिशवीत घालून मी ह्यूस्टनहून कोस्टा रिकाला गेले. पासपोर्टवर अमेरिकेचा व्हिसा होता, त्यामुळे तिथल्या वेगळ्या व्हिसाचा खर्च वाचला, आणि सहलीची कल्पना मुळात तिथूनच सुचली. जायचं होतं पुएर्तो विएहो दे तालामांकाला. कॅरिबियन किनाऱ्यावरचं, पनामाच्या सरहद्दीजवळचं छोटंसं गाव. आईने फोनवर दोनच गोष्टी विचारल्या. "एकटीच?" आणि "तिथे बघायचं काय गं आहे?" पहिल्याचं उत्तर तयार होतं. दुसऱ्याचं जाऊन आल्यावरही नीट देता आलेलं नाही.

राजधानी सान होसेहून बस चार-पाच तास घेते. तिकीट दहा-बारा डॉलरच्या आसपास, व्हॅनने गेलं तर त्याच्या कितीतरी पट. आधी ढगांत बुडालेला घाट, पावसाळ्यात दरडी कोसळून जो बंद पडतो तोच. मग सपाटी आणि केळी. मैलोन्‌मैल केळी, आणि प्रत्येक घडाला निळी प्लास्टिकची पिशवी. मी रावेरकडची, त्यामुळे बसमधले बाकीचे झोपले तेव्हा मी खिडकीला नाक लावून घड मोजत होते. लिमोन शहर आलं की रस्ता दक्षिणेला वळतो आणि डाव्या हाताला समुद्र लागतो.

गावात मुख्य वाहन सायकल. बिनगिअरची, रुंद हँडलची, खाऱ्या हवेने गंजलेली. हँडलला ब्रेक नसतो. थांबायचं तर पॅडल उलटं दाबायचं, आणि पहिले काही तास आपला हात हवेतच ब्रेक शोधत राहतो. भाडं दिवसाला पाच ते दहा डॉलर. इथून मान्सानियोपर्यंत रस्ता तेरा किलोमीटर, जवळजवळ सपाट. एका अंगाला झाडांच्या पलीकडे समुद्र, दुसऱ्या अंगाला जंगल. वाटेत कोक्लेस, प्लाया चिकिता, पुंता उवा असे किनारे. मी अर्थातच यादी केली होती, एका दिवसात सगळे. कोक्लेसला पोहोचले आणि पाऊस आला.

या किनाऱ्याचा पाऊस आपल्या पंचांगात बसत नाही. देशाच्या पॅसिफिक बाजूला चार-पाच महिने कोरडे असतात, इकडे मात्र पाऊस वर्षभर हजेरी लावतो. आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात, पलीकडे धो धो कोसळत असताना, इथे लख्ख ऊन पडतं. मी काही त्या महिन्यांत गेले नव्हते, तेव्हा तिकीट स्वस्त नव्हतं. हॉस्टेलच्या खोलीत आठ माणसांचे आठ टॉवेल दोरीवर होते आणि एकही वाळत नव्हता. चामड्याच्या पट्ट्यावर दोन दिवसांत हिरवट बुरशी धरली. बाहेर झोळ्या टांगलेल्या होत्या. त्यांत पडून पाऊस बघायचा, एवढाच उद्योग. शेजारच्या झोळीतली एक जर्मन मुलगी सकाळपासून त्यात होती आणि तिला कसलीही रुखरुख दिसत नव्हती. मी तेवढ्या वेळात तीनदा हवामान पाहिलं.

झाडावरचा स्लॉथ, म्हणजे फांदीला लटकून राहणारा तो अतिसंथ प्राणी, तर या बाबतीत पोचलेला महात्मा. साधारण आठवड्यातून एकदा तो खाली उतरतो, आणि तेही शौचाला. बाकी पानं खाणं आणि ती पचवणं. त्याला रस्ता ओलांडता यावा, विजेच्या तारांना हात लागून तो मरू नये, म्हणून इथे रस्त्यावरून झाडापासून झाडापर्यंत दोर बांधलेत. सायकल थांबवून वर बघत बसायचं. तो हलत नाही. आपण हलत नाही. मान दुखली की निघायचं.

गावाला सगळे निवांत म्हणतात. मला दोन-तीन दिवसांनी शंका यायला लागली, की निवांत आपण असतो, गाव नव्हे. पहाटे होलर माकडांनी हंबरडा फोडला की झोप मोडते. त्या वेळी बाहेर पडलं तर भट्टीतून ताजे पाव निघालेले असतात, मासेमार होडी ओढत असतात, कुणी रस्ता झाडत असतो. आम्ही नऊला डोळे चोळत कॉफी मागतो आणि म्हणतो, काय निवांत आहे हो.

इथल्या कृष्णवर्णी कुटुंबांचे पूर्वज मुख्यतः जमैकाहून आले. सान होसे ते लिमोन रेल्वे बांधायला, जी 1890 मध्ये पुरी झाली, आणि नंतर केळीच्या मळ्यांवर. घरात आजही जमैकन वळणाची इंग्रजी चालते. त्यांच्यापैकी बहुतेकांना पुरतं नागरिकत्व मिळायला 1949 उजाडावं लागलं. दक्षिणेकडच्या या वस्त्या कोको आणि नारळावर जगत. सत्तरच्या दशकाच्या अखेरीला एका बुरशीने कोकोची फळं झाडावरच सडवली. धड रस्ताही साधारण त्याच सुमाराचा. मग साल्सा ब्रावा नावाच्या लाटेमागे सर्फर आले. ती लाट उथळ प्रवाळावर फुटते, म्हणून तिथल्या खडकाला ते चक्क किसणी म्हणतात. पुढे 1991 च्या एप्रिलात मोठा भूकंप झाला, लिमोनजवळचा समुद्रतळ कित्येक ठिकाणी वर उचलला गेला. एवढं सोसून उरलेल्या गावात मी पंधरा डॉलरच्या खाटेवर झोपून 'स्वस्त आहे' म्हणत होते.

एका सोडात, म्हणजे तिथल्या घरगुती खाणावळीत, मी रोज जायचे. पडवीत चार टेबलं. मालकीणबाई साठीच्या. राइस अँड बीन्स रविवारीच, असं त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. रविवारी लवकर गेले तर म्हणाल्या, ये आत, बघ. किसलेलं खोबरं त्यांनी कोमट पाण्यात कुस्करून पिळलं. शिजलेल्या लाल बीन्समध्ये ते दूध, लसूण, थाइमची काडी. मग तांदूळ. आणि शेवटी एक अख्खी चिले पानामेन्यो, बुटकी, गुबगुबीत, पिवळट मिरची, भाताच्या वर अलगद ठेवली. "हिला धक्का लावायचा नाही हं. फुटली तर पातेलं गेलं." झाकण, मंद आच. अर्ध्या तासाने झाकण काढलं तेव्हा मिरची सुरकुतलेली, पण शाबूत. चमच्याने उचलून बाजूला ठेवली. तिचा वास भातभर होता, तिखट मात्र कुठेच नाही. चव विचाराल तर कोकणातल्या सुगरणीने राजमा-भात करायला घेतला तर जे होईल ते. वर तळलेलं पिकलं राजेळी केळं. मी दोनदा वाढून घेतलं. पैसे एकदाचेच घेतले त्यांनी.

माझ्या हिशेबी स्वभावाची खरी परीक्षा मात्र शेजारच्या काउइता गावात झाली. तिथलं राष्ट्रीय उद्यान गावाच्या बाजूने शिरलं तर तिकीट नाही, ऐच्छिक देणगी. 1994 मध्ये सरकारने परदेशी लोकांचं शुल्क एकदम वाढवलं. पर्यटक आटतील म्हणून गावकऱ्यांनी फाटकच ताब्यात घेतलं आणि स्वतः देणग्या घ्यायला लागले. पुढे सरकार आणि गाव मिळून उद्यान चालवायची रीत पडली. फुकट शिरायची मुभा मिळण्यामागे एवढं भांडण असतं.

दारातल्या वहीत नाव, देश आणि रक्कम लिहायची. मी आधी वरच्या ओळींतले आकडे वाचले. वीस, पाच, दहा, पाच. भारत म्हणून माझी एकटीचीच ओळ होती, त्यामुळे देशाच्या इभ्रतीचाही प्रश्न आला. मागे रांग वाढत होती. दहा लिहिले. मग पेन तसंच धरून मालकीणबाईंचं ते दुसऱ्यांदा वाढलेलं ताट आठवलं आणि एकाचे दोन केले. आत गेल्यावर पाऊण तासात पांढऱ्या तोंडाच्या एका माकडाने माझ्या पिशवीतली केळी पळवली, पिशवीसकट. पाऊसही आला. पायवाट टोकापर्यंत काही झाली नाही.